बादलीतलं आयरिस

सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या बसच्या रांगेत मागून एका नवराबायकोचं मराठी कानावर आलं, आणि अनघानं आपली बस खुशाल जाऊ दिली.

"अगं, मिसिसिपीकाठच्या दलदलीतलं रोप ते. थंडीशिवाय फुलायचं नाही."

"म्हणून तर रोज बादलीत बर्फ घालते. डास तपासणारा आला की बाथरूममध्ये लपवते."

"वेडी आहेस."

"आयरिस फुललं की बोटीवरची नोकरी सोडेन, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"सोडेन म्हणजे सोडेन! आधी फुलू तर दे."

"मार्चमध्येच फुलून गेलं."

"काय?"

"निळं होतं. तीन दिवस अख्खा फ्लॅट पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं."

"अगं, तेव्हा तर मी डर्बनहून फोन केला होता!"

"हो. तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."