साबणाच्या फेऱ्या

व्हर्ना : टाकलास साबण?

डेन्झिल : टाकला, काकू. आता विहीर तासभर बंद ठेवायची. साबण तळाशी विरघळला की उघडतो, मग फेसाबरोबर पाणी वर येतं. म्हातारी झालीय तुमची गॅसची विहीर. अंगात जोर नाही, स्वतःच्याच पाण्यात गुदमरते.

व्हर्ना : माझ्यापुढे म्हातारपणाच्या गोष्टी नकोत. बस. राजमा आहे, मक्याचा पाव आहे.

डेन्झिल : शेगडी तर निळीशार जळतेय. फोनवर म्हणालात, विझायला आलीय.

व्हर्ना : सकाळी आली होती.

डेन्झिल : मागच्या सोमवारीही सकाळीच आली होती.

व्हर्ना : तू गॅसवाला आहेस की फौजदार? जेव. माझ्या नवऱ्यानं, क्लाइडनं, कंपनीला जमीन देताना कागदावर लिहून घेतलंय, विहीर चालेल तोवर या घराला गॅस फुकट. ती मेली तर हिवाळ्यात मी काय जाळू? की ओहायोला लेकीच्या दिवाणखान्यात बाहुलीसारखी बसू?

डेन्झिल : नाही मरणार. तेच सांगायचंय. मंगळवारी नळीत लोखंडी दट्ट्या बसवतोय. तो आपला आपण खालीवर करतो, पाणी वर आणून टाकतो. दहा वर्षं तरी बघायला नको.

व्हर्ना : अगं बाई! आणि साबण?

डेन्झिल : लागणार नाही.

व्हर्ना : मग तू?

डेन्झिल : विहिरीचे आकडे मग ऑफिसातच दिसतील. वर्षातून एकदा येईन, दट्ट्या तपासायला.

(व्हर्ना त्याच्या ताटात आणखी पाव वाढते.)

व्हर्ना : कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

डेन्झिल : साहेबांच्या. या एका विहिरीला महिन्यात पाच फेऱ्या कशाला, म्हणून विचारलं. मी काय सांगणार? वहीत मीच दर वेळी लिहिलं होतं, ज्योत मंद, पाणी साचलंय.

व्हर्ना : पण तुला तर दाबाच्या काट्यावर दिसत असेल ना, की पाणी साचलेलंच नाही?

डेन्झिल : दिसत होतं.

व्हर्ना : कधीपासून?

डेन्झिल : मार्चपासून.

व्हर्ना : मग बोलला का नाहीस, मेल्या?

डेन्झिल : घरी एकट्यासाठी कुठं राजमा शिजवत बसू, काकू?

व्हर्ना : ...दट्ट्या बसवायला किती वेळ लागतो?

डेन्झिल : तिघं असू आम्ही. दुपारपर्यंत होईल.

व्हर्ना : घाई करू नका. सावकाश बसवा.