अलतड की पलतड?

आमच्या चोपडे गावात पत्ता विचारायची सोय नाही. पूल झाला, फेरीबोट बंद पडली, तरी आम्ही सांगतो, "फेरीच्या धक्क्याकडे या." धक्के दोन. एक आमचा, अलतडी. दुसरा नदीपार शिवोलीला, पलतडी.

ताईला बघायला डिचोलीचे पाहुणे यायचे होते. मुलाच्या वडलांचा फोन आला, "धक्क्यावर पोचलो."

बाबांनी विचारलं, "अलतडी की पलतडी?"

पाहुण्यांनी तिथे मासे धरायला गरी टाकून बसलेल्या माणसाला विचारलं. तो शिवोलीचा. म्हणाला, "ही अलतड!"

बाबा आमच्या धक्क्यावर धावले. तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं.

"अहो, मग तुम्ही पलतडी आहात!"

"छे हो, पलतडी तुम्ही!"

दोघांचे आवाज चढले. शेवटी नटूनथटून बसलेल्या ताईनेच स्कूटर काढली आणि पूल ओलांडून गेली. थोड्या वेळाने परतली, एकटीच.

आईने चहा ठेवला होता. "पाहुणे खंय गो?"

"भेटले. बापूस उन्हात पत्ता विचारत फिरतोय आणि नवरदेव एसी लावून गाडीत बसलाय." ताईने गजरा काढून ठेवला. "पलतडीच बरे आहेत."