वेनिंगच्या निबंधाचं पहिलं पान

— नाही नाही, बस तू, शिष्यवृत्तीचंच बोलायला बोलावलंय. दार उघडंच राहू दे, उकडतंय. तर — तुझा निबंध मागे पडला, वेनिंग. सकाळी समितीत. आतलं सगळं आवडलं गं त्यांना, खारट झालेल्या विहिरी, पाण्यात गेलेलं कब्रस्तान, सगळं. अडलं ते प्रस्तावनेवर. समितीचे अध्यक्ष हर्तोनो सर म्हणाले, ही पोर कुठली, हिला विचारायचंय काय, काही पत्ताच लागत नाही — आधी जगाचं तापमान, मग आशिया, मग इंडोनेशिया, मग जावा, आणि देमाकचा किनारा येईपर्यंत वाचणारा जेवायला गेलेला! सगळे हसले. मीही हसले.

हो, माहितेय, मीच तसं लिहायला लावलं. आपल्याकडे असंच शिकवतात ना — आधी जग, मग देश, मग जिल्हा, शेवटी जमलं तर स्वतःचं गाव. आणि तू पहिल्यांदा काय आणलं होतंस? ‘आमच्या घरात वाकून शिरावं लागतं. समुद्र आत येतो म्हणून बाबांनी तीनदा भर घालून जमीन उंच केली, छप्पर मात्र तिथंच राहिलं. गावातल्या प्रत्येकाला जमीन खचलेली कळते, मग ती सरकारी नकाशात का दिसत नाही?’ — बघ, शब्द न् शब्द पाठ आहे मला. माणूस आला, जागा आली, प्रश्न आला, आणखी काय हवं असतं प्रस्तावनेला? आणि मी त्यावर लाल रेघ मारली. म्हटलं, हे फार घरगुती आहे. तू म्हणालीस, ‘हो बाई.’ अगं, भांडायचंस तरी! — पण कशी भांडणार तू. मोठ्यांना नाही म्हणायचं नाही, हे तुझ्या आईने शिकवलं तसं माझ्याही आईने शिकवलं. आणि घरगुती-बिरगुती काही नव्हतं ते. माझा स्वतःचा प्रबंध इतकी वर्षं प्रस्तावनेतच रुतून बसलाय, आणि ही एवढीशी पोरगी येते नि — जळले मी. झालं, बोलून गेले.

तेवढंच असतं तरी चाललं असतं. सकाळी सरांनी विचारलं, ‘विद्यार्थिनी तुमची ना?’ — तर मी म्हटलं, माझीच, पण सांगितलेलं ऐकत नाही. हो, असंच म्हटलं. जिने माझा एक शब्द कधी खाली पडू दिला नाही, तिच्याबद्दल! लाज वाटते गं. तुझ्याकडे बघवत नाहीये मला.

थांब, उठू नकोस. निवडलेल्यांची यादी संध्याकाळी जायचीय, सरांनी मनावर घेतलं तर पान बदलता येईल. जुनं आहे ना तुझ्याकडे? — आहे? मग झालं तर! आत्ताच फोन करते, तुझ्यासमोर, सांगते की चूक माझी होती. लागला बघ — हॅलो, सर? हो, मीच. झालं ना जेवण, तुमचं? — सर, ते वेनिंगचं जरा — हो, समोरच बसलीये. ती प्रस्तावना ना सर, ती खरं म्हणजे — हो. हो ना. पाया कच्चाच आहे. — छे, रुसतेय कसली, समजूतदार आहे. — हो, मी समजावते तिला. पुढच्या वर्षी बघू. — बरं सर. बरं.

अशी बघू नकोस माझ्याकडे.

जा तू. बाहेर कोण थांबलंय, त्याला आत पाठव.