दुहेरी दोऱ्याची नावं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ऑटर्स आइस हॉकी संघाच्या मालक आदरणीय बर्नाडेट कुइयारबाई, त्यांच्या शेजारी विराजमान असलेले, आणि भाषणं लवकर आटपावीत म्हणून एव्हाना दोनदा घड्याळ पाहून झालेले आपले महापौर, संघाचे प्रशिक्षक मर्व्ह ऑलसन, ज्याला निरोप द्यायला आपण जमलो आहोत तो आपला कर्णधार डॅरिल प्रोकोपचुक आणि त्याची पत्नी शेरी, सर्व खेळाडू, कर्लिंग क्लबच्या स्वयंपाकघरात अजूनही पिरोगी तळत उभ्या असलेल्या भगिनी, आणि केस्ट्रल लेकच्या रसिक बंधुभगिनींनो,

माझं नाव रेनो हाकाला. ते तुम्हाला ठाऊक आहे, पण माईकसमोर आलं की माणसानं आपलं नाव सांगावं, अशी पद्धत आहे. स्केटच्या पात्यांना धार लावणं, ओले हातमोजे वाळवणं, काठ्या मोजणं, जर्सी धुणं हे माझं काम. छत्तीस वर्षं मी हे करतोय. पैकी पस्तीस वर्षं गावच्या पोरांच्या संघासाठी केलं आणि हे एक वर्ष पगारी खेळाडूंच्या संघासाठी. घामाचा वास दोन्हीकडे सारखाच येतो. भाषण करणं हे मात्र माझं काम नव्हे. कुइयारबाईंनी मला बोलावून सांगितलं, "रेनो, डॅरिलबद्दल चार शब्द तू बोल, आणि ती काचेची पेटी तूच त्याच्या हातात दे." मी हो म्हणालो. या वर्षी मी सगळ्यालाच हो म्हणत आलो आहे.

ती पेटी इथे टेबलावर आहे. आत एक पक आहे, आपल्या खेळातली काळी रबरी चकती, त्याभोवती पांढरी चिकटपट्टी आहे, आणि तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय: 'ऑटर्सचा पहिला गोल, प्रोकोपचुक, ११ ऑक्टोबर'. सबंध हंगाम ही पेटी बर्फाच्या रिंकच्या दारात ठेवलेली होती. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी आत येताना काचेला हात लावून नमस्कार केल्यासारखं केलेलं मी पाहिलंय. पेटीबद्दल मला सांगायचं आहेच. पण आधी थोडं मागे जातो.

नवा संघ उभा कसा राहतो? इतर संघ आपापली कामाची माणसं झाकून ठेवतात. जी उरतात त्यांची यादी आपल्याकडे येते, आणि त्यातून आपण निवडायचं. जूनमध्ये ती यादी मी घरी नेली होती. माझी बायको आयली हिनं चष्मा लावून ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाली, "रेनो, ही तर नको झालेल्या माणसांची यादी आहे रे!"

मी म्हटलं, "हो. आता आपली."

जर्सीच्या पाठीवरची नावं आयलीच शिवायची, हे तुम्हाला माहीत आहे. पस्तीस वर्षं तळघरातल्या त्या एकाच शिवणयंत्रावर तिनं शिवली. नावाची पट्टी एकेरी दोऱ्यानं शिवायची असते. खेळाडू गेला की ती उसवायची आणि दुसऱ्याची लावायची, म्हणून. या वेळी तिनं दुहेरी दोरा ओवला. मी म्हटलं, "अगं, उसवताना माझा जीव जाईल." तर म्हणते कशी, "नको म्हणून सोडलेल्या माणसांची नावं चांगल्या दोऱ्यानं शिवावीत. कुणीतरी तसं करायला हवं." मग डॅरिलच्या नावाची पट्टी तिच्या हातात आली. इंग्रजीत दहा अक्षरं. ती ओरडली, "कोण आहे हा बाबा? याचं नाव या काखेपासून त्या काखेपर्यंत जातंय!" आणि हसत सुटली. हसताना पोटात दुखतं म्हणून थांबली. ऑगस्टमध्ये दुखण्याचं नाव कळलं होतं. सप्टेंबरभर तिनं सव्वीस खेळाडूंची नावं शिवली. तीन ऑक्टोबरला ती गेली. आठ तारखेला तुमच्यापैकी बरेच जण तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये आला होतात, तेव्हा कॉफी कमी पडली, त्याबद्दल राहून गेलेली दिलगिरी आत्ता व्यक्त करतो.

अकरा तारखेला पहिला सामना होता. मी कामावर गेलो. मर्व्ह म्हणाला, "रेनो, घरी बस." मी म्हटलं, "घरी बसून काय करू?" तो दारातून बाजूला झाला.

लोक मला विचारतात, पहिलं वर्ष कसं वाटलं? मी म्हणतो, छान. आज खरं सांगतो. मला काहीच वाटलं नाही. तेरा सामने जिंकलो तेव्हा वाटलं नाही, पंचावन्न हरलो तेव्हाही नाही. पहिल्या विजयाला तुम्ही नाचलात, महापौर बाकावर चढले आणि पडले, मी ते पाहत होतो आणि मनात मोजत होतो, टॉवेल किती ओले झाले. हंगामात एकोणीस खेळाडू आले तसे गेले. प्रत्येकाच्या जर्सीवरचं नाव मी उसवलं. दुहेरी दोरा, एका नावाला पाऊण तास. आयलीचा एकेक टाका तोडत होतो, आणि तरी काही नाही. खालच्या दुकानात रेडिओ चालू असावा आणि वरच्या माणसाला शब्द कळू नयेत, तसं चाललं होतं सगळं.

तर अकरा ऑक्टोबर. आपण सहा-शून्य मागे होतो. तिसऱ्या भागात डॅरिलनं लांबून फटका मारला, पक कुणाच्या तरी पार्श्वभागाला लागला आणि आत गेला. डॅरिल आजही म्हणतो की नेम तोच होता. आपल्या प्रत्येक गोलला वाजणारा गिरणीचा भोंगा गावात घुमला. त्या दिवशी तो एकदाच वाजायचा होता. पंच पक घेऊन आमच्या बाकापाशी आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, हा सांभाळ. तुमच्या गावाचा पहिला." अशा पकला ताबडतोब पट्टी गुंडाळायची आणि नाव लिहायचं, हा आमचा नियम. पोरगंसुद्धा चुकत नाही त्यात. पण तेवढ्यात एकाच्या स्केटचं पातं निखळलं. मी पक कोटाच्या खिशात टाकला आणि गुडघ्यावर बसलो.

आता एक सांगतो, ते आमच्या धंद्यातल्यांना कळेल. पक सामन्याआधी गोठवून ठेवतात. गोठलेला पक बर्फावर सरळ सरकतो, कोमट झाला की चेंडूसारख्या उड्या मारतो. त्यामुळे सामना संपला की रिंकवरचे, बाकावरचे, खिशातले सगळे पक बादलीत आणि बादली फ्रीझरमध्ये, हे छत्तीस वर्षं माझे हात करत आलेत. त्या दिवशीही हातांनीच केलं. मी तिथे नव्हतो.

थोड्या वेळानं डॅरिल आला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. तेरा वर्षांत नऊ संघ फिरलेला माणूस. म्हणाला, "रेनो, माझ्या आयुष्यातला पहिला गोल होता ना, तो पक त्या संघाच्या माणसानं हरवला. तेरा वर्षं झाली. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. हा तरी आहे ना तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "आहे."

"नक्की?"

"जा, अंघोळ कर. वास मारतोयस."

तो गेला आणि मी फ्रीझर उघडला. बादलीत साठेक पक होते. सगळ्यांवर आपल्या ऑटर्सचं तेच पाणमांजर, सगळ्यांवर तेच दंव. मला वाटलं, खिशातला होता, जरा कोमट असेल. एकेक चाचपत बसलो. सगळे सारखेच गार. शेवटी बोटांना काही कळेना झालं, आणि मनात आलं, चला, आता बोटंही माझ्यासारखीच झाली. वरचा एक पक उचलला, पट्टी गुंडाळली आणि लिहिलं.

डॅरिल, या पेटीत तुझा पक नाही.

कुइयारबाई, आपण पाणी प्या. महापौर, आता घड्याळ पाहिलंत तरी चालेल.

खरा पक रविवारच्या सामन्यात वापरला गेला असेल. नाहीतर त्यानंतरच्या. काही पक काचेवरून प्रेक्षकांत उडाले, ते तुम्ही घरी नेलेत. तेव्हा तो आज तुमच्यापैकी कुणाच्या तरी फळीवर असेल, नाहीतर तळ्याच्या तळाशी. मला शोधून देता येणार नाही. सहा महिने रोज सकाळी मी त्या पेटीसमोरून गेलो. तेव्हाही काही वाटलं नाही, आणि यात सगळ्यात वाईट काय, तर हेच. जो खेळाडू माझ्या भरवशावर अंघोळीला गेला, त्याला मी फसवलं, आणि मला साधी झोपही कमी लागली नाही.

काय? मोठ्यानं बोल, मागच्यांना ऐकू आलं नाही. डॅरिल म्हणतोय, "म्हणजे तो पक वर्षभर आमच्यातच फिरत होता, आणि मी त्याला पुन्हा फक्त दोनदाच आत घालू शकलो?" हसा, हसा. हो, डॅरिल, एकूण गोल तीन. आकडे मी लपवत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि मग मी खाली बसतो.

क्लबचा नियम आहे की हंगाम संपला की सगळ्या जर्सी परत, आणि सोमवारच्या आत नावं उसवून तयार. पुढच्या वर्षी नवी माणसं येतील. काल दुपारी मी शेवटची जर्सी मांडीवर घेतली. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत टिकलेलं, आयलीनं शिवलेलं एकच नाव उरलं होतं. बाकीची सगळी, काही हंगामात आणि उरलेली या आठवड्यात, मीच काढली होती. टाके उसवायच्या हत्याराचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं आणि तो टाका तुटेना. जोर लावला, टोक सटकलं आणि थेट अंगठ्यात गेलं.

आणि दुखलं.

मित्रहो, या वयात, या धंद्यात, अंगठ्याला टोचणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण मी बाकावर अंगठा धरून बसून राहिलो, कारण तीन ऑक्टोबरनंतर मला पहिल्यांदा काहीतरी दुखलं होतं. मग बाकीचंही दुखायला लागलं.  रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा ग्लेन आत आला, मला बघितलं, टोपी काढली आणि कॉफी ठेवून गेला. ग्लेन, तू त्यात साखर घातली नव्हतीस, पण आभार.

ती जर्सी मी उसवलेली नाही. ती इथे, या टेबलाखालच्या खोक्यात आहे. शेवटच्या अक्षरापाशी रक्ताचा एक ठिपका आहे, तो माझा. धुतला नाही, छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. कुइयारबाई, नियम मोडला आहे. आपल्याला जी शिक्षा योग्य वाटेल ती द्यावी, फक्त पुन्हा भाषण करायला लावू नये. बाई मान हलवताहेत. हे हो आहे की नाही, ते मी विचारणार नाही.

डॅरिल, पेटीतला पक कुणी मारला, याची खात्री मी देऊ शकत नाही. या जर्सीवरचं नाव मात्र कुणी शिवलं ते मला माहीत आहे. तुला नऊ संघांनी सोडलं. आयलीनं तुला पाहिलंही नव्हतं, आणि तिनं तुझं नाव सुटू नये म्हणून दुहेरी दोरा घातला. ही जर्सी तुझी. पेटी नको असेल तर ठेवून जा.

पेटीही घेतोस? "खोटा तर खोटा, अक्षर तर तुझंच आहे ना," म्हणतोय. बरं.

आता आभार. कुइयारबाईंचे, ज्यांनी हरणाऱ्या संघाचा पगार एकदाही चुकवला नाही. मर्व्हचे, ज्यानं मला घरी बसवलं नाही. पिरोगी तळणाऱ्या भगिनींचे. आणि पंचावन्न वेळा हरूनही पुढच्या सामन्याला थंडीत रांग लावणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे. बोलताना माझ्याकडून काही कमी-अधिक झालं असेल तर ते पोटात घाला. करताना जे चुकलं, ते पोटात घालायचा अधिकार एकट्या डॅरिलचा आहे, आणि त्यासाठी मी त्याला घाई करणार नाही.

अरे, हे काय, सुटावरूनच घालतोस? शेरी, त्याची बाही ओढ जरा. हां. आता इकडे तोंड नको करूस, पाठ फिरव. लोकांना वाचू दे.

बघ आयली. या काखेपासून त्या काखेपर्यंत.