दसऱ्याची सनई

खो-खोत आम्ही जिंकलो आणि माझी करंगळी मोडली, म्हणून मी अगदी मिरवत एक्स-रेच्या रांगेत बसले होते. शेजारी पेठकडचे एक बाबा आणि सातपूरच्या एका वर्कशॉपचे सुपरवायझर बोलत होते.

“शेखरदादा, पोरगा सांगायचा, पत्रा दाबायच्या प्रेसखाली हात गेला का मशीन आपोआप थांबतं.”

“थांबतं, झिपरूकाका. थांबलंही.”

“मंग माझ्या दिनेशचा हात?”

“उशिरा थांबलं. प्रेस चालवणारा कॉम्प्युटर साधाच, पण त्यातली सिस्टीम खास. हात दिसला की बाकी सगळी कामं सोडून आधी प्रेस थांबवते.”

“मंग?”

“दसऱ्याला मशीनच्या पूजेसाठी मी त्याच कॉम्प्युटरवर सनई लावली. तो गाण्यांचा प्रोग्राम काढायचा राहिला. त्याने सिस्टीम मधूनच अडखळायची. पापणी लवेपर्यंतच, काका.”

“तेवढ्यात हात गेला?”

“प्रेसला तेवढं पुरतं.”

“मालकाला सांगितलं?”

“मालक म्हणतात, दिनेशचीच चूक.”

“आन् तुम्ही?”

“मी मान डोलावली.”

“आता तो शुद्धीवर येल. इचारल, बाबा, मशीन का नाय थांबलं? काय सांगू त्याला?”

“काका, चहा आणू का तुमच्यासाठी?”