जिथे रंग उडाला नाही

लखन: इथं नको, तिकडे उभा राहा. उन्हाच्या बाजूला. मान जरा तिरकी कर. आता वाच.

भूपेंद्र: काय वाचू दाजी? निळा पत्रा आहे.

लखन: पत्र्यावर वाच. गुजराती शाळेत शिकलेला तू आहेस, मी नाही.

योगिता: त्याला कशाला वाचायला लावता? तो न बघता म्हणून दाखवेल.

भूपेंद्र: ताई, तू पण चालू झालीस? फोनवर म्हणाली गाडी बंद पडली, लगेच ये. मी काम टाकून आलो. गाडी तर एकदम ठीक दिसते.

योगिता: गाडी नाही, धंदा बंद पडला. तसं सांगितलं असतं तर आला असतास का?

लखन: मी वाचतो मग. श. ब. वा. हि. नी. काना, वेलांट्या, सगळं आहे. दुसऱ्या बाजूला पण तेच.

भूपेंद्र: अच्छा, ते? अरे, जुन्या स्टिकरचा डाग आहे तो. आधीच्या मालकाने काहीतरी लावलं असेल. हलका स्टिकर असला की त्याचा गम रंग खातो. रॉकेल लावा, चिंधीने घासा. निघून जाशे.

लखन: घासलं. तुझ्या बहिणीने घासलं, मी घासलं. मग गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने पॉलिश मारलं, तर अक्षरं आणखीच उठून आली. तो हसायला लागला. म्हणाला, शेठ, हा डाग नाही. गाडीचा असली रंग हाच. बाकीचा उन्हाने उडाला. स्टिकरखाली होता तेवढा वाचला.

भूपेंद्र: म्हणजे आता रंग चांगला राहिला, हा पण माझा गुन्हा.

लखन: त्यावर तू फुलं चिकटवलीस, हा तुझा गुन्हा.

योगिता: मोठाली पिवळी फुलं. मी विचारलं होतं तुला, एवढी फुलं काबरं लावली रे? तू म्हणालास, ताई, तुला शोभेल म्हणून. मी चार बायकांना सांगत फिरले, माझ्या भावाने मला फुलांची गाडी दिली.

भूपेंद्र: फुलं काढायला कोणी सांगितलं होतं?

लखन: ऐकलंस? आता आला रस्त्यावर. आम्ही आमच्या खानावळीचं नाव टाकायला फुलं काढली, भो. पोरीच्या नावाने, 'गायत्री टिफिन'. पेंटर दोन दिवसांनी येतो म्हणाला. मी म्हटलं, तोवर डबे थोडेच थांबवायचे? गेलो तसाच कडोदऱ्याला. सकाळी घाईत काही दिसलं नाही. दुपारी लूमच्या कारखान्याच्या गेटवर ऊन तिरपं पडलं आणि वॉचमनने मोठ्याने वाचलं. सगळी शिफ्ट सुटत होती.

योगिता: फोटो काढले लोकांनी. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला तो फोटो. खाली कोणीतरी हसायची चित्रं टाकली होती.

भूपेंद्र: लोकांचं काय, आठवड्यात विसरतात.

लखन: इकडे ये. मागे ये.

(लखन व्हॅनचा मागचा दरवाजा उघडतो. आत स्टीलचे डबे रचलेले.)

लखन: उचल एक. कुठलाही उचल. जड लागला? भरलेला आहे. सगळे भरलेले आहेत. पहिल्या दिवशी थोडे परत आले. मग अर्धे. आज गेटवर कोणी हातच लावला नाही. त्यांच्यातला एक पोरगा, आपल्याच शहाद्याकडचा, मला हळूच म्हणाला, काका, भाजीला नाव नाही ठेवत, पण घास घशाखाली उतरत नाही.

योगिता: पहाटे उठून लाटलेल्या पोळ्या आहेत त्या. गायीला घालू म्हटलं तर गाय तरी किती खाईल?

भूपेंद्र: धुतली होती मी गाडी. औषध मारून, आतून-बाहेरून. एकदा नाही, किती वेळा. सीटा बदलल्या. खालचं मॅट नवीन टाकलं.

योगिता: म्हणजे तुला माहीत होतं.

भूपेंद्र: ताई...

योगिता: आता तोंडाने बोल. माहीत होतं ना?

भूपेंद्र: मीच चालवायचो ती.

लखन: काय?

भूपेंद्र: कोरोनात. ट्रस्टची गाडी होती. त्यांचा ड्रायव्हर गावाला पळून गेला. माझं मार्केट बंद होतं, घरात बसून होतो. ते म्हणाले, चलाव, तर मी चालवली. पुढे ट्रस्टने नवी गाडी घेतली आणि ही मला देऊन टाकली. दुसरं कोणी घेत नव्हतं.

लखन: तू तर तेव्हा म्हणायचास, भाजीची गाडी चालवतो.

भूपेंद्र: खरं सांगितलं असतं तर फोन उचलला असता तुम्ही? भाजीची म्हटलं तरी दारात उभं केलं नाही मला. आठवतं का दाजी? गायत्रीसाठी दूध घेऊन आलो होतो. तुम्ही जाळीच्या आतून म्हणालात, पिशवी ओट्यावर ठेव आणि मागे हो. मग त्या पिशवीवर बादलीभर पाणी ओतलंत. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघत होतो.

लखन: पोरीला दमा होता. लहान होती. रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचो आम्ही. तिच्या जागी तुझी पोरगी असती तर तू काय केलं असतंस?

भूपेंद्र: तेच केलं असतं. मी नाही म्हणतच नाही.

लखन: मग त्याचा सूड आता काढलास? माझ्या पोटावर?

भूपेंद्र: सूड-बीड नाही. मला गाडी नको झाली होती. घराखाली उभी असायची, मी तिला वळसा घालून जायचो. तुम्हाला गाडी पाहिजे होती. इंजिन चांगलं होतं. आहे अजून.

योगिता: मग सांगायचं होतंस. ताई, अशी अशी गाडी आहे, घेशील का? मी नको म्हटलं असतं, तेवढंच ना? बाहेरच्या माणसाने फसवलं असतं तर पोलिसांत गेलो असतो. तुझ्यासाठी कुठं जाऊ?

भूपेंद्र: तू नको म्हटलं असतंस, तेच मला ऐकायचं नव्हतं.

योगिता: का?

भूपेंद्र: राहू दे ताई.

योगिता: आज काही राहू द्यायचं नाही. बोल.

भूपेंद्र: माय पण ह्याच गाडीत गेली.

लखन: भूपेंद्र, तोंड सांभाळून.

भूपेंद्र: सांभाळलंच होतं दाजी. इतकी वर्षं सांभाळलं. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी ड्यूटीवरच होतो. त्यांनी नाव सांगितलं, वॉर्ड सांगितला. त्यांना काय माहीत ती माझी कोण? मी खाली गाडी लावली आणि माझ्याच मायला घ्यायला वर गेलो. तुला फोन केला होता ताई.

योगिता: मला? केला होतास?

भूपेंद्र: दाजींनी उचलला. म्हणाले, तिला आता सांगत नाही, ती धावत येईल आणि घरी आणेल सगळं. तू आटप. एवढंच म्हणाले, तू आटप.

योगिता: तुम्ही मला म्हणालात, दवाखान्याने परस्पर केलं. कोणालाच बोलावलं नाही.

लखन: काय करणार होतो मी? तू ऐकली असतीस?

योगिता: म्हणालात ना तुम्ही असं?

लखन: म्हणालो. पोरगी तापाने फणफणत होती, तू तिच्याजवळ पाहिजे होतीस. आज पण तेच म्हणेन.

भूपेंद्र: रस्ते रिकामे होते सगळे. सिग्नल चालू, पण गाडी एक नाही. मी लाल सिग्नलला थांबलो. पोलीस पण हात करत होता, जा जा. मी थांबलोच. मागे ती होती ना. घाई काबरं करायची, असं वाटलं.

योगिता: तिच्या बाजूला कोण होतं?

भूपेंद्र: कोणी नाही. मी पुढे, ती मागे. जिथं आता डबे आहेत तिथं.

योगिता: बंद करा तो दरवाजा.

लखन: हा. केला बंद.

योगिता: आणि हे सगळं माहीत असून तू मला ती गाडी दिलीस. मी तिच्यात भाजी ठेवली. गायत्री तिच्यात बसून शाळेत जाते.

भूपेंद्र: हो.

योगिता: मनाला नाही टोचलं एकदाही?

भूपेंद्र: खरं सांगू? तुम्ही गाडी घरी आणली त्या दिवशी नारळ फोडला. दाजींनी हार घातला, तू कुंकवाचं बोट लावलंस, वाकून पाया पडलीस गाडीच्या. मी बाजूला उभा होतो. मला बरं वाटलं. म्हटलं, तेव्हा मायच्या पाया पडायला नाही आली, आज तरी आली.

लखन: आणि आम्ही तुला पेढा भरवत होतो.

भूपेंद्र: दोन खाल्ले मी.

योगिता: अजून बरं वाटतं?

भूपेंद्र: नाही. पहिल्याच रात्री गेलं ते. नंतर रोज वाटायचं, सांगून टाकावं. मग गायत्री खिडकीतून हात हलवताना दिसायची आणि मी गप्प बसायचो.

लखन: मी माझं बोलू का आता? तुमच्या मायची गोष्ट तुमच्याजवळ. मी चुकलो असेन तर ते मी आणि हिने बघायचं. पण ही गाडी माझ्या दारात नको. पूर्ण बाजू रंगवली तरी आता लोकांच्या डोळ्यांसमोरून अक्षरं जाणार नाहीत. चावी घे आणि जा.

योगिता: मला विचारा तरी.

लखन: काय विचारू? ठेवायची आहे तुला?

योगिता: मला माहीत नाही.

लखन: बघ. तिलाच माहीत नाही. उद्या डबे कशात नेणार, ते सांग. कोण खाणार, ते सांग.

योगिता: मी फक्त म्हटलं, विचारा.

भूपेंद्र: ताई, दाजी बरोबर बोलतात. द्या चावी. डबे उतरवून घेतो मी.

योगिता: राहू दे. मी उतरवते. तू हात लावू नको.

भूपेंद्र: का? अजून मागे हो म्हणतेस?

योगिता: जड आहेत म्हणून म्हटलं रे.

लखन: मीच उतरवतो. दोघं बाजूला व्हा.

योगिता: भूपेंद्र, माय काही बोलली होती का? आधी, दवाखान्यात नेलं तेव्हा?

भूपेंद्र: मला विचारत होती, जेवना का भाऊ. तोंडावर ती नळी होती, तरी तेच विचारत होती. तुझं नाव घेतलं की नाही, ते मला नाही माहीत. घेतलं म्हणून खोटं सांगू शकतो.

योगिता: नको सांगू.

लखन: झाले सगळे. चावी गाडीलाच आहे. डिझेल अर्ध्यावर आहे, जाशील घरापर्यंत.

योगिता: कुठे ठेवशील? तुझ्या घराखाली तर तुला नको आहे.

भूपेंद्र: कामरेजला एक जण आहे, रोपांची नर्सरी आहे त्याची. झाडं वाहायला गाडी शोधतो. त्याला देऊन टाकतो. पण ह्या वेळी सांगून देईन.

योगिता: काय सांगशील?

भूपेंद्र: सांगेन, शबवाहिनी होती. बहिणीने परत केली.