छत्तीस महिन्यांचा रकाना

हॅलो?… कोण?… अगं भिंगरी! या वेळेला? साइटवरून बोलतेस ना?… कसं कळलं म्हणजे काय, मागे व्हायब्रेटर चालू आहे. काँक्रीट बसवतायत. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण कान काही रिटायर झाले नाहीत माझे.

हो, बसलोय. मामी वाचनालयात गेलीय. घरात मी एकटाच. बोल निवांत… निवांत नाही? का गं?… पाच वाजता काय बंद होतं?… अर्ज! कसला अर्ज?… हं… हं… हळू, हळू. एका श्वासात तीन मजले चढू नकोस. आत्ता कुठे पावणेचार होतायत. पाचला पुष्कळ वेळ आहे.

थांब, मला काय समजलं ते मी सांगतो, चुकलो तर सांग. अभ्यासक्रम दोन. पहिला तो मोठा, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र. एकच परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर. पास झालीस की नावापुढे अक्षरं लावायची. कारखाना असो, दवाखाना असो, बांधकाम असो, सगळीकडे चालतं… बरोबर? आणि दुसरा तो डिप्लोमा, नुसत्या बांधकामाचा. दोन वर्षं, दर शनिवारी वर्ग. शिवाय रोज साइटची वही लिहायची, आणि परीक्षक साइटवर येऊन ती वही बघणार… मग? समजलं की मला! म्हातारा झालोय, मठ्ठ नाही झालो अजून.

आणि तुला पहिला हवाय… का?… कोण, ती तुझ्या टेबलाशेजारची? चष्मेवाली?… तिनं भरलाही? बरं. पण ती आधी दुसऱ्या कंपनीत होती ना पाच वर्षं?… मग तिनं भरावाच. तू—

अगं ऐक ना… हो, हो… मी कुठे नको म्हणतोय? मी अजून काहीच म्हटलेलं नाही. तूच माझ्या वाटचं बोलून, माझ्यावर चिडूनही मोकळी झालीस. लहानपणापासून हीच खोड तुझी.

मी एक विचारू? सोमवारी सकाळी आठ वाजता तुला कुठे उभं राहायला आवडेल?… हुद्दा नको सांगूस. जागा सांग. पाय कुठे हवेत?… चौथ्या मजल्यावर. सळ्या बांधून झाल्यात, त्यावर टाकलेल्या फळीवर… आणि हातात?… नकाशा. बरं. आणि आजूबाजूला कोण?… सगळे. फिटर, सुतार, वायरमन, सगळे तुझ्याकडे बघतायत. पुढे काय ते तू सांगणार आहेस.

काही नाही गं, तुझं ते हेल्मेट आठवलं. आत वर्तमानपत्राच्या घड्या घालून डोक्यावर बसवलेलं. तरी नाकावर यायचंच. सुट्टी लागली की तुझी आई तुला माझ्याकडे सोडायची, आणि मी जायचो शाळेच्या त्या नव्या इमारतीवर तुला घेऊन. नऊ वर्षांची होतीस. सिमेंटच्या गोदामात प्लायवूडचा तुकडा उभा करून मी कामगारांच्या पोरांना बेरजा शिकवायचो, त्यांत तूही बसायचीस. बसायचीस कसली! भिंगरी उगाच नाव पडलं का?

आणि ते खोक्याचं घर आठवतंय? बाहुलीचं… हां! बुटांचं खोकं. खिडक्या कापल्या, रंग दिला, छप्पर चिकटवलं डिंकानं, आणि मग बाईसाहेबांच्या लक्षात आलं की पलंग बाहेरच राहिला. दारातून जाईना, खिडकीतून जाईना. रडून गोंधळ! छप्पर फाड म्हणाली तुझी आई. मी म्हटलं, थांबा, तिलाच सांगू दे कुठे चुकलं ते. अर्धा तास बसलो आपण. शेवटी तू डोळे पुसून काय म्हणालीस? “मामा, शेवटचं काम कोणतं ते आधी ठरवायला पाहिजे होतं.” अगं, एकतीस वर्षं साइटवर काढली मी, पण एवढं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या सुतारांना सांगत फिरलो. ते हसले, पण मुकादम नाही हसला. तो म्हणाला, हिला इंजिनियर कर.

हो गं, हो. वेळ जातोय. कळतंय. बोल तू.

…कसली सही?

पुन्हा सांग… हं. मोठ्या प्रमाणपत्राला अनुभव लागतो. छत्तीस महिने, काम सांभाळल्याचा. आणि तुझा आहे… चौदा. मग उरलेले बावीस?… माझ्या साइटवरचे? कधी होतीस तू माझ्या— …सुट्टीतले!

नाही, हसत नाहीये. थोडासा हसलो. अगं, नऊ वर्षांची पोर वर्तमानपत्राचं हेल्मेट घालून काम सांभाळत होती असं लिहू मी?… तारखा बदलायच्या. कॉलेजात असताना माझ्या हाताखाली होतीस असं दाखवायचं. बरं. कोणी सुचवलं हे?… तुझ्या साहेबांनी? काय म्हणाले?… “सगळेच भरतात, कोण बघतंय.” हं.

नाही, रागावलो नाही. तू मागितलंस आणि मी दिलं नाही असं कधी झालंय का? तेच तर अवघड आहे… थांब, पाणी पितो जरा.

हं. ऐकतेस? तुला आपले प्लंबरकाका आठवतात?… तेच, खिशात लाल खडू ठेवणारे. पाइपच्या तुकड्यांची बासरी करून दिली होती तुला. मग एके दिवशी यायचे बंद झाले. तू रोज विचारायचीस. मी काय सांगितलं होतं?… बरोबर. गावी गेले. तुझी अजून तीच समजूत आहे.

गावी नव्हते गेले.

सांगतो ना, अगं, मध्ये बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल माझं. स्लॅब टाकायच्या आधी तपासणीचा कागद असतो ना? तुमच्याकडेही असेल. फिटर, सुतार, वायरमन, प्लंबर, प्रत्येकानं आपापलं काम बघून आपल्या नावापुढे सही करायची. सगळ्या झाल्या की मगच काँक्रीट. त्या दिवशी सगळ्यांच्या झाल्या, प्लंबरकाकांची राहिली. ते यायचे होते. खाली काँक्रीटच्या दोन गाड्या उभ्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतला माल घट्ट व्हायला लागलाय, साहेब ओरडतायत. आणि मी… मी काकांना वीस वर्षं ओळखत होतो. त्यांचं काम कधी राहायचंच नाही. मी त्यांच्या नावापुढे त्यांची सही केली. मीच. आणि म्हटलं, टाका.

…हो. राहिलं होतं. शौचालयांच्या पाइपांना स्लॅबमधून जायला भोकं लागतात. ती ठेवण्यासाठी पाइपचे तुकडे लावायचे होते, तेच घेऊन येत होते बिचारे. आले तेव्हा शौचालयांकडचा स्लॅब भरून झाला होता.

मग काय, पंधरा दिवसांनी फोडला. अकरा ठिकाणी. नव्या कोऱ्या स्लॅबला ब्रेकर लावला. साहेबांनी कागद काढला, काकांसमोर धरला. “सही आहे तुमची, मग भोकं कुठायत?” काकांनी कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा क्षण. आणि म्हणाले, “हो, माझीच आहे.”

मी गप्प बसलो, भिंगरी.

…नाही, नाही बोललो. दोन दिवस ठरवत होतो बोलायचं. तिसऱ्या दिवशी त्यांना काढलं. मग बोललो साहेबांशी, तोवर त्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता. साहेब म्हणाले, झालं ते झालं. काकांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, “गाड्या उभ्या होत्या ना, मीही तेच केलं असतं.” पण मला ठाऊक आहे. त्यांनी नसतं केलं.

रडतेस की काय?… मग नाक कसलं ओढतेस? धूळ. बरं, धूळ तर धूळ.

नाही गं, तुझं आणि माझं सारखं नाही, मान्य. तुझ्या त्या अनुभवाच्या रकान्यानं कोणाचा स्लॅब फुटणार नाही. कदाचित कोणी बघणारही नाही. पण मग तू त्या फळीवर उभी राहशील, सोमवारी सकाळी, सगळे तुझ्याकडे बघतायत, आणि चौदा महिन्यांची मुलगी छत्तीस महिन्यांचं उत्तर देणार. न येणारं काम येतं असं दाखवताना माणूस विचारायचं सोडतो बघ. मला त्याचीच भीती वाटते. तू विचारायचं सोडशील. तू! जिनं मला दिवसभर “का” विचारून बेजार केलं, ती.

म्हणून सही नाही देणार मी. दुसरं काहीही माग… अगं, फेकून का मारतेस शब्द? “मग मी मागेच राहू” म्हणे! कोणाच्या मागे? चष्मेवालीच्या? ती तुझ्याआधी पाच वर्षं उन्हात उभी होती. ती पुढे असणारच ना बाळा.

आता मला सांग. त्या डिप्लोमाला अनुभव किती लागतो?… बघ की, समोरच असेल पान… बारा महिने? नीट वाच… बारा! आणि तुझा?… चौदा. म्हणजे दोन महिने वरच आहेत, खोटं बोलायची सोयच नाही ठेवली त्यांनी.

वहीला कंटाळा? माझ्याकडे एकही वही नाही, माहितीये? एकतीस वर्षं सगळं या डोक्यात ठेवलं. मला मोठा अभिमान होता त्याचा. एकदा चार दिवस तापानं पडलो तर अख्खी साइट हात बांधून बसली. कोणाला काही ठाऊकच नव्हतं. तेव्हा कोणी मला शनिवारी बसवून वही लिहायला शिकवलं असतं ना, तर मी चालत गेलो असतो. आजही जाईन. घेतात का गं म्हाताऱ्यांना?

हसलीस. चला.

आणि ते मोठं प्रमाणपत्र कुठे पळून जात नाही. परीक्षा दर वर्षी असते ना?… असते. मग छत्तीस भरले की बस… हो, बावीस महिने आहेत… अगं, बावीस महिने म्हणजे काय? पायाच्या खड्ड्यापासून किल्ली हातात देईपर्यंत एक अख्खी इमारत होते तेवढ्यात. ती बांध. चुका कर आणि बांध. मग त्या रकान्यात लिहिताना तुला माझी आठवणही येणार नाही.

…हं. आहे मी. घाई नाही. विचार कर, मी फोन धरतो.

…

ठरलं?… कुठला?… तूच म्हणालीस हां, मी नाही. मामीला तसंच सांगणार आहे.

भर मग, माझ्यासमोर. नाव… पुढे?… शिक्षण… पुढे… अनुभव, महिन्यांत. काय लिहिलंस?… मोठ्यानं वाच की.

चौदा.

वा. पुन्हा एकदा वाच… हं. दाब आता… फिरतंय? फिरू दे… आलं? काय आलं?… अगं, ओरडतेस काय कानात!

कोण हाक मारतंय तुला?… तुमचा मुकादम? जा, जा पटकन. मागाहून मला काही कळवत बसू नकोस, काम बघ आधी… अगं, ठेव तू फोन. मी नाही ठेवत, मला काय काम आहे… तू ठेव… भिंगरी?… हॅलो?

गेली.